अकरा नंबरची रोजनिशी

१

अकरा नंबरच्या बाईने मरणाच्या आदल्या दिवशी सकाळी पावणेदहाला जेवून दहाला गोळी घेतली, असं कागद सांगत होता. 'तक्रार: नाही.' दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात एकच ओळ होती. 'रुग्ण घरी मृत. कारण: मूळ रोग.'

श्यामला भडकमकरांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

एकतीस वर्षं त्यांनी औषधशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर स्वारगेटजवळच्या आरोहण रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर त्या सदस्य होत्या. रुग्णालयात एखाद्या नव्या औषधाची चाचणी चालू असली, की त्यात रुग्णांचा जीव स्वस्त झालेला नाही ना, हे पाहणं या समितीचं काम. सध्या के-४१७ नावाच्या गोळीची चाचणी चालली होती. स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत आणि फुफ्फुसांपर्यंत पोचलेल्या, नेहमीच्या औषधांचा उपयोग संपलेल्या सोळा बायका. रोज एक गोळी, भरल्या पोटी. त्यांतली एक आता गेली होती. उरलेल्या पंधराजणींना सोमवारपासून एकाऐवजी दोन गोळ्या द्यायच्या होत्या आणि त्यासाठी शनिवारी समितीचा होकार हवा होता. आज गुरुवार होता.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही गोळी यकृताला जड गेली होती. म्हणून दर चार आठवड्यांनी रक्त तपासायचं ठरलं होतं. अकरा नंबरचा चौथ्या आठवड्याचा अहवाल ठीक होता. आठव्या आठवड्याच्या जागी शेरा होता: 'नमुना वाहतुकीत खराब.' बाराव्या आठवड्यापर्यंत बाई पोचलीच नाही.

आणि शेवटच्या सहा आठवड्यांच्या बेचाळीस ओळींत बेचाळीस वेळा 'तक्रार: नाही.' ना मळमळ, ना डोकेदुखी, ना एखादी झोप न आलेली रात्र. धडधाकट माणूससुद्धा सहा आठवड्यांत एकदा तरी कण्हतो. हाडांत कर्करोग असलेली ही बाई कण्हली नव्हती.

त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला.

"आम्ही अहवाल फक्त कंपनीला आणि डॉक्टरांना देतो, मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली. "समितीला हवा असेल तर अध्यक्षांचं पत्र लागेल."

मृत्यूच्या दाखल्याची प्रत कागदांना टाचलेली होती. तिच्यावर नंबर नव्हता, नाव होतं. मैना गेनबा शेवाळे, खराडी.

२

शेवाळ्यांचं घर तीनमजली होतं. वरचे दोन मजले सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या पोरांना भाड्याने दिलेले. पूर्वेला, जिथे कधी काळी शेवाळ्यांची ज्वारी उभी असायची, तिथे बारा मजल्यांची काचेची इमारत होती. घराच्या अंगणात तिच्यामुळे सकाळचे दहा वाजले तरी ऊन नव्हतं.

"दवाखान्यातल्या का?" ओसरीवर बसलेल्या गेनबांनी विचारलं. डोक्याचे केस नुकते उतरवलेले होते.

"हो."

"मंग जावा."

श्यामलाबाई गेल्या नाहीत. सून पाणी घेऊन आली तेव्हा त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि एक ओळ मोठ्याने वाचली. पोटभर जेवण, मग गोळी, तक्रार नाही.

गेनबा उठून उभे राहिले. "जेवण? बाई, शेवटचा दीड म्हैना तिच्या पोटात पेज ठरत न्हवती. डोळं हळदीवानी पिवळं झालं हुतं. मी तीनदा फोन केला."

"कुणाला?"

"पैल्यांदा त्या हेमाबाईला. रोजच्याला तीच फोन करून इचारायची, किती वाजता जेवला, कवा गोळी घेतली. लई चांगली पोर. ती म्हनली, दाजी, मी डॉक्टरांना सांगते. त्यानंतर तिचा फोन यायचाच बंद झाला. मंग मीच दोनदा डॉक्टरला लावला. त्ये म्हनले, आजारानं हुतंय, गोळी बंद केली तर नाव कटंल. आमी ऐकलं. शिकल्याली मानसं सांगत्यात म्हनून ऐकलं!"

"हे त्यांनी कुणासमोर सांगितलं?"

"फोनवर बोलताना समोर कोन असतंय, बाई?"

म्हणजे एका नवऱ्याचा शब्द आणि समोर रुग्णालयाचे कागद. समितीत कागदच जिंकणार, हे श्यामलाबाईंना ठाऊक होतं. 'नातेवाईक दुःखात काहीही बोलतात' हे वाक्य त्यांनी तिथे अनेकदा ऐकलं होतं.

त्यांनी पुन्हा कागद पाहिला. "या सहा आठवड्यांत दोन दिवस गोळी सकाळी नाही, संध्याकाळनंतर घेतलेली लिहिली आहे. का असेल?"

"चतुर्थी असंल. तिची संकष्टी तीस वर्सांची. चंद्र बघितल्याबिगर अन्नाचा कण घ्यायची न्हाई. मरायला टेकली तरी मोडली न्हाई. शेवटच्या चतुर्थीला मी आन् सुनंनं धरून गच्चीवर नेली. खालनं चंद्र दिसतोय कुटं, ही कंपनी आडवी हाय. साडेनऊ झाले असतील. हात जोडले आन् दूध घेतलं दोन घोट. त्येबी उलटलं."

श्यामलाबाईंनी कागदावर बोट ठेवलं. त्या दिवसापुढे लिहिलं होतं: जेवण ८.४०, गोळी ९.१०.

३

रोजनिशीच्या नोंदी होत होत्या ती खोली रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर होती. एक टेबल, एक संगणक, पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला पासवर्डचा कागद, मागे भिंतीवर भलंमोठं कॅलेंडर. खोलीबाहेरच्या बाकावर एक सावळी, उंच बाई बसली होती.

"तुमी मोठ्या डॉक्टरीन का?" तिने विचारलं. "मी सोजरबाई. चौदा नंबर. सोमवारपासनं दोन गोळ्या देनार म्हनत्यात. मंग दुप्पट गुण येनार का?"

खिडकीचा उजेड सरळ तिच्या चेहऱ्यावर पडला होता. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळसर झाक होती. फिकी, पण होती.

"शेवटचं रक्त कधी दिलंत?"

"झाले की पंधरा दिस. आता पुढच्या म्हैन्यात." ती हसली. "ती मैना येत न्हाई आताशा. आमी दोघी संगंच बसायचो हितं. बरी झाली वाटतं."

श्यामलाबाईंनी पिशवी सावरली. त्या आत गेल्या.

हेमा पिंपळापुरे ही चाचणीची समन्वयक. सत्तावीस वर्षांची, तीन वर्षांपूर्वी नागपूरहून आलेली. मैनाचं नाव काढताच तिने दार लोटून घेतलं.

"मॅडम, त्या नोंदी माझ्या नाहीत. दाजींचा फोन आला तसं मी राजवाडे सरांना सांगितलं, की मैनाबाईंना कावीळ दिसतेय. सर म्हणाले, अकरा नंबर आता मी बघतो, तू फोन करायचा नाही. त्यानंतर मी त्यांच्या पानाला हात लावलेला नाही."

"पण सगळ्या नोंदी तुझ्या लॉगिनवर आहेत."

"लॉगिन सगळ्यांना माहीत आहे." तिने पडद्याच्या कडेच्या कागदाकडे बोट दाखवलं. "सर इथे बसतात, कंपनीचे चिटणीस सर बसतात. कोणी कधी काय टाइप केलं हे सिस्टिम ठेवत नाही. मी दोनदा मागितली होती तशी सिस्टिम."

"खोलीच्या किल्ल्या?"

"तीन. माझी, सरांची, चिटणीस सरांची."

श्यामलाबाईंची नजर कॅलेंडरवर होती. "मोठं आहे."

"आईने पाठवलंय, आमच्या महाल भागातल्या पतसंस्थेचं. भिंत रिकामी होती." हेमाने तिकडे पाहिलंही नाही. "मॅडम, माझ्यावर येणार ना हे?"

श्यामसुंदर चिटणीस हा औषध कंपनीचा माणूस. आठवड्यातून दोनदा येऊन नोंदी तपासायचा. कपाळावर गंध, हातात कंपनीची डायरी.

"मी आकडे तपासतो, मॅडम. रकाना रिकामा नसला, की माझं काम झालं."

"बेचाळीस दिवस एकही तक्रार नाही, हे खटकलं नाही?"

"तक्रार नसणं ही तक्रार कशी मानायची?"

"आणि ज्या दोन दिवशी ती रात्री जेवली, ते?"

"संकष्टी होती. मीही करतो की. त्या दिवशी चारलाच निघतो आणि बुधवार पेठेत दगडूशेठच्या रांगेत उभा राहतो. घरी आरती, चंद्रोदय, मग जेवण. बावीस वर्षांत खंड नाही." एवढं बोलून तो डायरी चाळू लागला. सोमवारच्या गोळ्यांचं खोकं आलं का, हे त्याला पाहायचं होतं.

डॉक्टर श्रीधर राजवाडे यांच्याकडे वीस मिनिटं थांबावं लागलं. चाचणीचे प्रमुख तेच. फेब्रुवारीत परदेशी परिषदेत ते या गोळीचे निष्कर्ष मांडणार होते. तसं दाराबाहेरच्या फलकावर लावलेलंही होतं.

"श्यामलाताई, आपण औषधशास्त्र शिकवत होतात की कादंबरी?" ते म्हणाले. "पुढच्या टप्प्यातला कर्करोग होता. अशा बाया मरतात. त्याला रहस्य म्हणत नाहीत."

"कावीळ होऊन?"

"कावीळ कुणी पाहिली? नवऱ्याने. तो काय एमडी आहे?"

"म्हणूनच रक्त तपासायचं असतं. ते नेमकं वाहतुकीत खराब झालं."

"होतं तसं. आणि या बायकांचं तुम्हाला काय सांगू! उपास करतात, गोळीच्या वेळा बिघडवतात आणि वर आम्हाला जाब."

"खरंय," श्यामलाबाई शांतपणे म्हणाल्या. "पुढची संकष्टी कधी आहे? त्या दिवशी रक्त घ्यायला नको."

"मला काय विचारता? मी ती थेरं पाळत नाही. हेमाच्या खोलीत कॅलेंडर आहे. तारीख, चंद्रोदय, सगळं छापलेलं असतं. बघा तिथे."

४

शुक्रवारी सकाळी श्यामलाबाईंनी जेवणाच्या टेबलावर सोळाही जणींची पानं पसरली. अकरा नंबरच्या पानाकडे त्या आता पाहत नव्हत्या. त्या इतर पंधराजणींची पानं वाचत होत्या. प्रयोगात एक आकडा वेडावाकडा आला, तर आधी शेजारचे आकडे पाहायचे, हे त्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत.

मैनाशिवाय आणखी चौघी संकष्टी करत होत्या. तीन, सहा, नऊ आणि चौदा नंबर. कार्तिकातल्या संकष्टीला त्या चौघींचं जेवण असं होतं: ८.५५, ९.००, ९.०५, ९.१०. मैनाचं ८.२५. मार्गशीर्षातल्या संकष्टीला चौघी सव्वानऊच्या आगेमागे जेवल्या होत्या. मैना ८.४०ला.

त्यांनी पंचांग काढलं. पुण्याचा चंद्रोदय कार्तिकात ८.४६, मार्गशीर्षात ९.०२.

म्हणजे तीस वर्षं व्रत करणारी मैना शेवाळे चंद्र उगवायच्या आधी वीस-बावीस मिनिटं जेवायला बसली होती, आणि तेही दोनदा. ज्या घरातून चंद्र दिसायला बारा मजल्यांची इमारत ओलांडावी लागते, तिथे! आश्विनातली संकष्टी त्यांनी पाहिली. तेव्हा हेमा फोन करून विचारत होती आणि खरी मैना उत्तर देत होती. पंचांगात चंद्रोदय ८.३१, मैनाचं जेवण ९.०५. बरोबर. गच्चीवर चढून, इमारतीच्या वर चंद्र येईपर्यंत थांबून.

कुणीतरी मागची पानं पाहून संकष्टीला रात्रीचं जेवण लिहायची दक्षता घेतली होती. चंद्रोदयाची वेळही कुठूनतरी पाहिली होती, आणि बहुधा पाचेक मिनिटं वाढवून जेवण लिहिलं होतं. पण आठ वीसला चंद्र उगवला कुठे?

चंद्र पूर्वेच्या गावांना आधी दिसतो. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. श्यामलाबाईंनी पेन्सिलीने गणित मांडलं. पाच-सव्वापाच अंश, वर उत्तरेकडचा थोडा फरक. त्यांनी नागपूरच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला.

"पंचांग बघून दोन वेळा सांग, बाळ."

विद्यार्थिनीने सांगितल्या. ८.२० आणि ८.३६.

पाच मिनिटं मिळवली, की ८.२५. चार मिळवली, की ८.४०. मैना शेवाळे खराडीच्या गच्चीवर नागपूरचा चंद्र पाहून जेवली होती.

श्यामलाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. हेमा नागपूरची होती.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर राजवाडे होते, आवाज प्रसन्न.

"ताई, तुमचं म्हणणं मनावर घेतलं. चौकशी केली. त्या मुलीने अकरा नंबरच्या नोंदी बसल्या जागी ठोकून दिल्या, दुसरं काय! लॉगिन तिचं, खोली तिची. काढून टाकलं तिला. आता अकरा नंबर वगळू. उरलेल्या पंधराजणींचं काम स्वच्छ आहे. सोमवारी मात्रा वाढवायला हरकत नसावी."

५

सोपं होतं. एक मुलगी गेली, एक मेलेली बाई वगळली, आणि सोमवारी सोजरबाईच्या हातात दोन गोळ्या. श्यामलाबाईंनी फोन ठेवला. त्यांना राग क्वचित यायचा आणि आला, की त्या अधिकच हळू बोलायच्या.

हेमा नारायण पेठेत आनंदीबाई लिमयांच्या वरच्या खोलीत राहायची. बॅग अर्धी भरलेली होती. दारात आनंदीबाई स्वतः उभ्या.

"आपण कोण? रुग्णालयाच्या? मग उंबऱ्याबाहेरूनच बोला," त्या म्हणाल्या. "पोर सकाळपासून जेवलेली नाही. खोटं लिहिलं म्हणे हिने! परवा मला दुधाची पिशवी एक जास्त आली, तर परत द्यायला लावली. असली ही खोटारडी."

"मला फक्त एक विचारायचं आहे," श्यामलाबाई म्हणाल्या. "हेमा, तू संकष्टी करतेस?"

हेमाने मान हलवली.

"करते!" आनंदीबाईच बोलल्या. "आणि दर संकष्टीला तोच तमाशा. हिची आई नागपूरहून फोन करते, 'चंद्र दिसला गं, जेव आता.' ही म्हणते, 'आई, पुण्याच्या चंद्राला अजून अर्धा तास आहे.' मग मी गच्चीवरून हाक मारते तेव्हा पान वाढायचं. पहिल्या वर्षी बसली होती आईचं ऐकून जेवायला. मी म्हटलं, बाई गं, नागपूरचा चंद्र नागपुरात. माझ्या घरात पुण्याचा."

श्यामलाबाई जिन्याच्या पायरीवरच बसल्या.

"काय झालं, मॅडम?" हेमा घाबरली.

"काही नाही. बॅग उघड. उद्या अकरा वाजता समितीसमोर यायचं आहे."

६

समितीचे अध्यक्ष गोपाळकृष्ण आठल्ये निवृत्त न्यायाधीश होते. शनिवारी अकराच्या ठोक्याला त्यांनी दार लावून घेतलं.

"विषय एक, मात्रावाढ. त्याआधी डॉक्टर भडकमकरांना चंद्राविषयी बोलायचं आहे, असं पत्र आलंय. बोला. खगोलशास्त्राचं आमच्या समितीला वावडं नाही."

श्यामलाबाईंनी दोन संकष्ट्यांचे आकडे फळ्यावर लिहिले. पुण्याची वेळ, नागपूरची वेळ, चौघींची जेवणं, मैनाचं जेवण.

"सिद्ध झालं की!" राजवाडे म्हणाले. "नागपूरची मुलगी, नागपूरचं कॅलेंडर. मी कालच कारवाई केली."

"हेमाचं म्हणून जे धरता, तेच मला नीट पाहू द्या," श्यामलाबाई म्हणाल्या. "एकच संध्याकाळ, एकच लॉगिन. तीन, सहा, नऊ आणि चौदा नंबरच्या नोंदी पुण्याच्या चंद्रोदयानंतरच्या. फक्त अकरा नंबरची नोंद नागपूरच्या चंद्रावर. एकाच माणसाला एकाच दिवशी पुण्याचा चंद्र माहीत आहे आणि नाहीही, असं होत नाही. म्हणून एका लॉगिनवर दोन माणसांनी लिहिलं आहे. चौघींना फोन करून विचारणारी एक, आणि भिंतीवर पाहून लिहिणारा दुसरा."

"तिने घाईत पाहिलं असेल कॅलेंडर."

"हेमा तीन वर्षं पुण्यात संकष्टी करते. त्या कॅलेंडरची वेळ इथे चालत नाही, हे तिच्या घरमालकिणीने तिला पहिल्याच वर्षी शिकवलं. त्या बाहेर बसल्या आहेत, विचारा. पण आवाज जपून, उलट त्याच विचारतील." अध्यक्षांच्या मिशीत हसू हललं. "किल्ली असलेली उरली दोन माणसं. चिटणीस बावीस वर्षं व्रत करतात. त्या दोन्ही संध्याकाळी ते स्वतः घरात भुकेले बसून चंद्राची वाट पाहत होते. आठ पंचवीसला जेवण लिहिताना त्यांचा हात अडखळला असता. चूक करायला असा माणूस हवा, ज्याला चंद्रोदय म्हणजे कॅलेंडरवर छापलेला एक आकडा आहे. तो गावागणिक बदलतो, हे ज्याला भुकेने कधी शिकवलं नाही."

त्या राजवाड्यांकडे वळल्या.

"गुरुवारी मी तुम्हाला संकष्टी विचारली. तुम्ही म्हणालात, मी ती थेरं पाळत नाही. आणि लगेच, चंद्रोदय त्या कॅलेंडरवर असतो, तिथे बघा. जे पाळत नाही, त्याची वेळ कुठल्या भिंतीवर छापलेली आहे, हे तुम्हाला कशासाठी लागलं होतं, डॉक्टर?"

"हा काय पुरावा झाला?" राजवाडे ओरडले. "चंद्र! साहेब, आपण न्यायाधीश होतात!"

"होतो," आठल्ये म्हणाले. "चंद्र साक्षीला आला, की उलटतपासणी कठीण जाते. चिटणीस, तुम्ही गप्प का?"

चिटणीस टेबलाकडे पाहत होता. तो म्हणाला, "मार्गशीर्षातल्या संकष्टीनंतर दोन दिवसांनी मी खोलीत गेलो, तेव्हा सर अकरा नंबरचं पान भरत होते. एकदम चार दिवसांचं. मी... मी विचारलं नाही."

"आणि तिची वेळ वाचलीत तेव्हा?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"वाचली. चुकीची आहे, हे कळलं होतं." त्याने डायरी मिटली. "वाटलं, रकाना भरलेला आहे."

"पाहणं हेच तुमचं काम होतं, चिटणीस. तेवढंच काम होतं!"

आठल्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला, पत्र लगेच पाठवतो म्हणाले आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. आठव्या आठवड्याचा अकरा नंबरचा नमुना. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. नमुना व्यवस्थित पोचला होता. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ मोजायचा आकडा, अकरा पूर्णांक चार.

"असायला हवं किती?" आठल्यांनी विचारलं.

"एकच्या आसपास," श्यामलाबाई म्हणाल्या. "ही कावीळ आंधळ्यालाही दिसते."

"अहवाल त्याच संध्याकाळी डॉक्टर राजवाड्यांना गेलाय," फोनमधला आवाज म्हणाला. "तातडीचा शेरा मारून."

त्यानंतर मैनाने तीन आठवडे गोळी घेतली होती. आठल्यांनी तारखा कागदावर लिहून ते आठवडे मोजले.

"ती मरणारच होती," शेवटी राजवाडे म्हणाले. आवाजात पश्चात्ताप नव्हता, वैताग होता. "चार महिने. फार तर सहा. एका बाईसाठी थांबलो असतो, तर हे औषध दोन वर्षं मागे गेलं असतं. हजारो बायका वाट पाहताहेत, त्यांचं काय?"

"त्या हजारोजणींनाच तुम्ही फसवलंत," श्यामलाबाई म्हणाल्या. त्या इतक्या हळू बोलल्या, की आठल्ये पुढे झुकले. "ही गोळी यकृत मारते, हे मैनाने स्वतःच्या अंगावर सिद्ध करून दाखवलं होतं. ते लिहिलं असतं, तर मात्रा कमी झाली असती, औषध कदाचित वाचलंही असतं. तुम्ही तिचं उत्तर खोडून तुमचं लिहिलंत. आणि ते चार महिने, डॉक्टर, तिचे होते. तुमच्या फेब्रुवारीतल्या भाषणाचे नव्हते."

पुढच्या दहा मिनिटांत समितीने चाचणी थांबवली, हेमाला कामावर परत घ्यायला सांगितलं, औषध नियंत्रकांना पत्र लिहिलं आणि पंधराही जणींचं रक्त त्याच दिवशी घ्यायला लावलं. तिघींच्या यकृताचे आकडे चढलेले निघाले. चौदा नंबरचे सर्वांत जास्त.

७

रविवारी सकाळी श्यामलाबाई आणि हेमा मुंढव्याला सोजरबाईंच्या घरी गेल्या. फोनवर गोळी थांबवायला सांगितलं होतं. उरलेल्या गोळ्या परत आणायच्या होत्या आणि कारण तोंडाने सांगायचं होतं.

सोजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. गोळ्यांची बाटली त्यांनी पदरात धरली होती, ती सोडली नाही.

"म्हंजी मैना मेली."

"हो."

"तेरवा तुमी तितं दवाखान्यात, बाकाजवळ, माझ्या तोंडाकडं बघत हुतात. तवाच म्हाईत हुतं तुमाला."

"हो," श्यामलाबाई म्हणाल्या. "तेव्हाच सांगायला हवं होतं. पुरावा हातात नव्हता म्हणून बोलले नाही. माझं चुकलं."

"सगळ्यांनाच पुरावा लागतोय," सोजरबाई म्हणाल्या. "जीव जातो आमचा." त्यांनी बाटली हेमाच्या पुढ्यात आपटली. "आता दुसरं काय देनार मला?"

"यकृत सावरेपर्यंत काही नाही. मग जुन्यांपैकी एक देता येईल. त्याने रोग बरा होणार नाही, थोडा थांबेल. कदाचित."

"कदाचित." सोजरबाईंनी तो शब्द तोंडात घोळवला. "ह्ये बरं. ह्ये तरी खरं हाय." मग त्यांनी हेमाच्या पिशवीतून डोकावणाऱ्या कागदांकडे बोट केलं. "त्यात माझं पान हाय का? माझ्या नावानं काय लिवलंय, वाचून दाखव, पोरी."

हेमाने पान काढलं. "एक तारीख. जेवण दहा, गोळी साडेदहा. तक्रार नाही."

"खोटं."

हेमा दचकली. "मावशी, तुम्हीच सांगितलंत फोनवर. मी ऐकलं तेच लिहिलं."

"मीच सांगितलं. उलटी हुती म्हनलं तर नाव काढत्यात, आसं बाकावर सगळ्या बोलायच्या. मैनाबी तेच करायची आधी. तू चांगलं इचारायचीस, आन् आमी चांगलं खोटं बोलायचो." त्या भिंतीला टेकून नीट बसल्या, पदर सारखा केला. "आता काय भ्यायचं! खोड त्ये. एक तारखेला दोनदा उलटी झाली. अंगाला खाज. लिव."

हेमाने श्यामलाबाईंकडे पाहिलं.

"खोडू नकोस," श्यामलाबाई म्हणाल्या. "जुनं राहू दे. खाली आजची तारीख घाल आणि त्या सांगतील तसं लिही. त्यांच्याच शब्दांत."

हेमाने लिहिलं. सोजरबाईंनी ते परत वाचून घेतलं आणि मान हलवली.

"हां. आता दोन तारीख."